सोमवारची पट्टी

“ताई, तुमचा वार कुठला?”

अक्काने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी चेकिंगच्या टेबलाशी समोरासमोर उभ्या होतो. सोमवार होता. पहाटे तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ती तशीच कामावर आली होती. कपाळावरची विभूती घामाने भुवईपर्यंत ओघळली होती आणि संध्याकाळी उपास सोडेपर्यंत चहाखेरीज तिच्या पोटात काही जाणार नव्हतं. मी म्हटलं, “रविवार. रविवारी आम्ही चर्चला उपासनेला जातो.”

“रविवार सुट्टीचा ओ, ताई,” ती म्हणाली. टॉवेलवरून तिचे हात फिरतच होते. “कामाच्या दिवसाचा कुठला?”

त्यात टोमणा नव्हता. अक्का पद्मशाली, घरी तेलुगू, पूर्व भागात जन्मली आणि तिथेच नांदते. तिच्या आठवड्यात रिकामा वार नाही. सोमवार सिद्धेश्वराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार स्वामींचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. आमच्या कारखान्यावरून जाणारा रस्ताच अक्कलकोटला जातो, त्यामुळे गुरुवारी तर ती येता-जाता त्या दिशेला हात जोडते. घरातून निघताना तिला रोज ठाऊक असतं, आजचा दिवस कुणाचा. माझ्याकडे एकच वार होता, आणि तो सुट्टीचा निघाला.

मला उत्तर सुचलं नाही. “सगळेच वार देवाचे,” असं काहीतरी मी पुटपुटले. ते खरंच आहे, पण शब्बाथशाळेत, म्हणजे आमच्या मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, पाठ केल्यासारखं तोंडातून आलं. अक्काने मान डोलावली आणि पुढचा टॉवेल ओढला. या गोष्टीला तीन वर्षं झाली. तो प्रश्न मात्र दर सोमवारी माझ्याबरोबर स्कूटीवर बसून कामावर येतो.

मी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंग खातं सांभाळते. २२ वर्षं झाली. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण टॉवेलनेही या गावाची चूल तेवढीच पेटती ठेवली आहे. चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम दोन असतात. एक ग्राउंडचा, तो ताठ. दुसरा पाईलचा, तो सैल. आडवा धागा दोनदा थोडा अंतर राखून बसवतात, आणि तिसऱ्या ठोक्याला फणी तिन्ही धागे एकदम पुढे रेटते. त्या रेट्यात सैल ताणा उभा राहतो आणि त्याचा लूप होतो. पाणी पितो तो हा लूप. हे सगळं मिनिटाला शेकडो ठोक्यांच्या वेगाने चालतं. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. माग नीट चालला आहे की नाही ते आमच्या जॉबरचाचांना, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या चाचांना, दहा पावलांवरून पाठमोरं उभं राहूनही सांगता येतं.

सोमवारी पहिल्या दोन तासांत माझ्या टेबलावर जे कापड येतं त्यात आडवी पट्टी असते. रविवारी माग बंद राहतो. ताणलेला धागा तसाच दिवसभर ताणलेला राहिला तर हळूहळू ओढला जातो, आणि विणलेल्या कापडाची कड जिथे असायला हवी तिथून केसभर सरकते. सोमवारी बटण दाबलं की पहिले ठोके त्या सरकलेल्या कडेवर पडतात. तिथे कापड एक तर दाट होतं, नाही तर विरळ. उजेडाच्या काचेवर धरलं की हाताच्या बोटाएवढी पट्टी स्वच्छ दिसते. जाणता विणकर शनिवारी माग बंद करताना ताण थोडा उतरवून ठेवतो आणि सोमवारी चालू करण्याआधी चाक हाताने फिरवून कड जागेवर आणतो. घाईत असलेला थेट बटण दाबतो.

माझंही तसंच होत होतं. रविवारी सकाळी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गायचं, बायबलातला शास्त्रपाठ ऐकायचा, पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर करून दिलेला आशीर्वाद डोळे मिटून घ्यायचा. मन भरून यायचं, आजही येतं. दुपारी घरी मटण, पाहुणे, थोडी झोप. आणि चार वाजले की पोटात गोळा. उद्याचा माल, उद्याची गाडी, कोण सुट्टीवर, नळाला पाणी आलं नाही तर पहाटे पिंप कशी भरायची. सोलापुरात पाणी रोज येत नाही. देवांच्या वारांइतकेच पाण्याचे वारही इथल्या बायांना पाठ असतात. रात्री झोपताना सकाळच्या गाण्यातली एक ओळ आठवायची म्हटलं तरी आठवत नसे. सोमवारी मी थेट बटण दाबत होते.

अक्काच्या प्रश्नानंतर मी एक गोष्ट केली. ही रविवारची सुट्टी मुळात आली कुठून ते शोधून वाचलं. मला वाटत होतं साहेब लोकांनी आणली, त्यांच्या चर्चसाठी. आपल्याकडच्या कामगाराला ती मिळाली ती अशी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. मुंबईच्या गिरण्यांत आठवडी सुट्टी नव्हती, बायाबापड्या अंधारात जाऊन अंधारात परत येत. रविवार हा खंडोबाचा वार, तो दिवस कामगाराला मोकळा हवा, असं लोखंड्यांनी मांडलं, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ज्या मोकळ्या सकाळी मी ख्रिस्ताच्या मंडळीत बसून गाते, ती सकाळ एका सत्यशोधकाने खंडोबाचं नाव घेऊन झगडून मिळवलेली आहे. हे वाचल्यापासून रविवारी बाळे इथल्या खंडोबाला निघालेल्या, कपाळाला भंडारा लावलेल्या माणसांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. त्यांच्या देवाच्या वाराचा मला वाटा मिळाला आहे.

मग मी आणखी मागे गेले, आणि तिथे जे सापडलं त्याने मला रात्रभर जागं ठेवलं. पहिली ३०० वर्षं ख्रिस्ती माणसांना रविवारची सुट्टी नव्हतीच! यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस शनिवार. ख्रिस्त उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणून हे लोक त्या दिवशी जमत. पण रोमी राज्यात तो कामाचाच दिवस होता. कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याच्या वारी शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला तो इसवी सन ३२१ मध्ये. त्यातही शेतकऱ्याला सूट होती, त्याने नांगर धरला तरी चालत असे. त्याआधीचे ख्रिस्ती, त्यांत किती तरी गुलाम आणि मजूर, कधी जमत असतील? प्लिनी नावाचा रोमी सुभेदार होता, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाकडे. ख्रिस्ती लोकांचं काय करावं हे विचारायला त्याने ११२ च्या सुमारास ट्राजान बादशहाला पत्र लिहिलं. पकडलेल्यांकडून त्याला जे कळलं ते त्याने त्यात नमूद केलं आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्याआधी जमतात. ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. आणि शपथ घेतात. ती शपथ कसली, तर चोरी करणार नाही, लुबाडणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेवायला दिलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही.

आणि मग ते पांगत.

पांगत म्हणजे कुठे जात असतील? मी हे वाचताना स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. धन्याच्या घरी, शेतावर, बाजारात, भट्टीवर, मागावर जात असतील. दिवस उजाडत असेल आणि कामाची वेळ झालेली असेल. त्यांची उपासना कामाच्या दिवशी, कामाच्या आधी होती. त्या शपथेतला शब्द न् शब्द बाजारात आणि कामावर लागणारा आहे. चर्चच्या बाकावर बसून ठेव नाकारायची वेळ कुणावर येत नाही, ती सोमवारी येते. त्यांचा रविवार हाच त्यांचा सोमवार होता. मी ३२१ सालानंतरची ख्रिस्ती. मला दोन वेगळे दिवस मिळाले, आणि मी मध्ये भिंत घालून बसले.

खरं तर ही भिंत आमच्या घरात नव्हती. बाबांकडे नव्हती.

बाबा गिरणीत होते. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली निघाली, तिला अजून जुनी मिल म्हणतात. पुढे एकामागून एक गिरण्या आल्या आणि हे गाव भोंग्यावर चालायला लागलं. माझ्या लहानपणी घड्याळ बघून कुणी उठत नसे. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा, तिसरा खात्यात हजर असायचा. दुसरा भोंगा झाला की बाबा दारात उभे राहत. आईने डबा भरून ठेवलेला असे, ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगाचटणी, कधी पिठलं. बाबा डब्याच्या झाकणावर हात ठेवत आणि प्रभूची प्रार्थना म्हणत. सगळी नाही. वेळ कुठला. एकच ओळ. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” आणि ‘आज’ या शब्दावर जरा थांबत.

इंग्रजी शाळेतल्या माझ्या मैत्रिणी त्या जागी पाव म्हणायच्या, त्यांच्या प्रार्थनेत पाव होता. आमच्या मराठी शास्त्रात भाकर आहे. सोलापूरच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इथे भाकर परातीत दोन तळव्यांनी थापली जाते, तव्यावर फुगते, उरली तर वाळवून कडक होते आणि आठवडाभर टिकते. बाबांच्या हाताखाली डबा गरम असे. देवाकडे जे मागायचं ते आधीच हाताखाली आहे, आईने पहाटे उठून केलेलं, आणि तरीही मागायचं. मला लहानपणी याचं कोडं पडत असे. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “भाकर आईने दिली. आजचा दिवस कुणी दिला?” आणि सायकलवर टांग टाकून गेले.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. गेटवर नोटीस लागली, माणसं रोज जाऊन ती परत परत वाचून येत. सोलापूरला भोंग्यांची सवय होती, ते हळूहळू गप्प झाले आणि सकाळ कशी सुरू करायची हेच पुष्कळ घरांना कळेना. मला त्यातला पहिला सोमवार आठवतो. बाबा नेहमीच्या वेळी उठले. दाढी केली, आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि खाटेवर बसले. आईनेही हाताच्या सवयीने भाकरी थापल्या होत्या आणि डबा भरून ओट्यावर ठेवला होता. भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तशीच उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. मग बाबा उठले, डब्यावर हात ठेवला, नेहमीची ओळ म्हटली. ‘आज’वर नेहमीसारखेच थांबले. आणि डबा उघडून त्यांनी जमिनीवर ठेवला. दोन भाकरी आम्ही पाच जणांनी वाटून खाल्ल्या. सकाळी साडेसातला, चटणी लावून.

पुढची वर्षं कठीण गेली. थकबाकी किती अडकली, कशी अर्धीमुर्धी मिळाली, ते सगळं इथे लिहीत नाही. बाबा एका गोदामावर रात्रीचे रखवालदार झाले. डबा संध्याकाळी भरायला लागला, ओळ तीच राहिली. कामात देवाचा हेतू असतो, कामाने जगण्याला अर्थ येतो, असं मी संदेशांत पुष्कळदा ऐकते, आणि ते मला पटतंही. पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी तो उघडा डबा येतो. काम गेलं त्या सोमवारीही बाबांचं देवाकडे काम होतं. अर्थ नुसत्या कामातच ठेवला असता तर नोटीस लागली त्या दिवशी आमच्या घरातून तो निघून गेला असता.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय वर लिहिलेलं सगळं अर्धं राहील.

अक्काने प्रश्न विचारला त्याच्या आदल्या मार्चमधली ही गोष्ट. वर्षअखेर होती, कंटेनर बंदराला निघायचा होता. त्या आठवड्यात वीज सारखी जात-येत होती. वीज गेली की माग थांबतो आणि आली की चालू होतो. जितक्या वेळा थांबला तितक्या पट्ट्या. सोमवारी सकाळी मी तीन विणकरांच्या मालातले टॉवेल सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात, काढून ठेवले. साहेब आले. म्हणाले, “ताई, धुतल्यावर जाते हो पट्टी. घालून टाका.” ते अर्धं खरं होतं. बारीक पट्टी धुलाईत आणि वाळवणीत बुजते. ठळक बुजत नाही. कुठली बुजेल आणि कुठली नाही हे त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं, माझा पगारच त्याचा होता. मी सही केली. आदल्या दिवशी उपासनेत मी एकल गीत गायले होते, लोकांनी कौतुक केलं होतं.

दोन महिन्यांनी परदेशातून तक्रार आली आणि पैसे कापले गेले. ते पैसे वसूल झाले ते पीस रेटवर काम करणाऱ्यांकडून, कारण प्रत्येक ताग्याला तिकीट असतं आणि तिकिटावर विणकराचं नाव असतं. त्यातला एक पोरगा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड, नुकताच बाप झालेला. पगाराच्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर पास केलं होतं की.”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काही दिलंच नसावं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो, वेदीपुढे दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. भाकर आणि प्याला घ्यायला आमची ओळ उठली तेव्हा मी उठले नाही. शेजारच्या मावशींनी कोपराने ढोसलं, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी बसून राहिले.

सोमवारी पाळी सुरू होण्याआधी मी ऑफिसात गेले आणि सांगितलं, सही माझी आहे, पट्टी विजेची होती, विणकरांची कपात चुकीची आहे, ती माझ्याकडून करा. माझा आवाज कापत होता. हे लिहून दिलं. लगेच काही झालं नाही. दीड महिन्याने दोघांचे पैसे परत त्यांच्या पगारात जमा झाले. तिसरा, तो अक्कलकोटचा, तोवर काम सोडून गेला होता. कुणी म्हणालं पुण्याला गेला, कुणी म्हणालं सुरतेला. त्याचा फोन लागत नाही. त्याच्या कपातीएवढी रक्कम मी एका पाकिटात घालून ठेवली आहे. पाकिटावर त्याचं नाव लिहिलं आहे, तिकिटावर होतं तसंच. ते कपाटात आहे. त्याची ठेव म्हणून आहे.

बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन आहे. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. कामाविषयी संदेश द्यायचा झाला की हेच वचन घेतात. आमच्या एका नातेवाइकाने ते चौकटीत बसवून आपल्या वर्कशॉपच्या भिंतीला, कामगारांना समोर दिसेल असं लावलं आहे. माझं त्यांच्याशी यावरून थोडं वाजलं. हे वचन प्रेषित पौलाने लिहिलं ते दासांना उद्देशून, ज्यांना स्वतःच्या मजुरीवर हक्क नव्हता त्यांना. त्यांच्या राबण्यालाही बघणारा एक धनी वर आहे, हे त्यांना कळावं म्हणून. आणि तीनच वचनं पुढे तो धन्यांकडे वळतो आणि सांगतो, तुम्हांलाही स्वर्गात धनी आहे, तेव्हा न्यायाने आणि समतेने वागा. आपल्या शास्त्रात हे दुसरं वचन पुढच्या अध्यायात पडलं आहे, म्हणून वाचणारा आधीच थांबतो. अध्यायांचे आकडे १३व्या शतकात घातले गेले. पौलाच्या पत्रात तिथे खंड नव्हता. लावायची तर दोन्ही वचनं एकाच चौकटीत लावावीत आणि चौकट मालकाच्या टेबलासमोर टांगावी. मी त्यांना हे सांगितलं. चौकट अजून तिथेच आहे, पण परवा गेले तेव्हा खाली दुसरं वचन हाताने लिहून चिकटवलेलं दिसलं.

पौल स्वतः हातावर पोट असलेला माणूस होता, हे आम्हा विणकरांच्या गावातल्या ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. तंबू करणं हा त्याचा धंदा. करिंथ गावात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तो राहिला, कारण तिघांचा धंदा एकच. थेस्सलनीका इथल्या मंडळीला तो लिहितो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. सुई टोचलेल्या बोटांनी त्याने ही पत्रं सांगितली असतील.

आता मी सोमवारी काय करते? फार काही नाही. पाळीच्या वीस मिनिटं आधी पोचते. खात्यात अजून दिवे लागलेले नसतात, मी फक्त माझ्या टेबलाचा लावते. शनिवारच्या मालाची तिकिटं खिळ्याला अडकवलेली असतात. ती काढून एकेक नाव वाचते. तेलुगू आडनावं, कन्नड गावांची नावं, मोमीन, शेख, आमच्यातलं एखादं. प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबते आणि ते नाव देवापुढे धरते. कुणाची बायको दवाखान्यात आहे, कुणाचा मुलगा दहावीला आहे, कुणाचं काहीच माहीत नाही, मग त्या आठवड्यात माहीत करून घेते. शेवटी माझं नाव घेते आणि मागते की आज या सगळ्यांच्या कामाविषयी माझ्या हातून जे लिहिलं जाईल ते खरं असू दे. नंतर बाबांची ओळ. हात माझ्या डब्यावर.

खात्यात मी यातलं काही मोठ्याने करत नाही. आमच्या मंडळीतल्या काहींना वाटतं मी करावं, पत्रकं ठेवावीत, सकाळी सगळ्यांना घेऊन प्रार्थना करावी. मला ते पटत नाही. ज्या बाईच्या सहीवर माणसाचा पगार ठरतो तिने प्रार्थनेला बोलावलं तर कोण नाही म्हणेल? ते येणं खरं नसेल. कुणी विचारलं तर मी मोकळेपणाने सांगते. अक्काने विचारलं होतं, आणि तिला मी बाबांच्या डब्याची गोष्ट सांगितली. तिने ती सगळी ऐकली, टॉवेल हातात तसाच धरून. मग म्हणाली, “म्हणजे तुमचा वार आजचा.” सोमवार सोडताना केलेली खिचडी आता ती अधूनमधून मंगळवारी माझ्यासाठी डब्यात आणते.

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्रीच्या उपासनेसाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे टॉवेल मागितले. त्या रात्री प्रभू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन त्या रुमालाने पुसले, त्याची आठवण म्हणून मंडळीतल्या १२ जणांचे पाय धुतात. मी आमच्या दुकानातून १२ विकत घेतले आणि घरी बल्बखाली एकेक धरून बघितला. पांढरे, साधे, कड सरळ. त्या रात्री बाकावर बसून मी बघत होते. पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले होते. समोर एक म्हातारे गृहस्थ, पूर्वीचे गिरणी कामगार, टाचांना खोल भेगा. पाणी ओतलं, टॉवेल पायाभोवती धरला, दाबला. लुपांनी पाणी ओढून घेतलं, टॉवेल तळव्याच्या आकाराचा करडा झाला. म्हाताऱ्यांनी डोळ्याला हात लावला. मला तिथे बसल्या बसल्या माझं टेबल दिसत होतं, काच, उजेड, तिकिटं. इतकी वर्षं हजारो टॉवेल माझ्या हाताखालून गेले होते, पण कुणाच्या तरी ओल्या पायापर्यंत तो पोचलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

परवाच्या सोमवारी १४ नंबरच्या मागावर नवा पोरगा होता. विशीचा असेल. बटणाकडे त्याचा हात गेला तेवढ्यात जॉबरचाचांनी मनगट धरलं. “रुक, बेटा. पहले हाथ से फिरा.” तो बावरला. चाचांनी चाकावर त्याचा हात ठेवून वर आपला ठेवला आणि दोघांनी मिळून ते अगदी थोडं फिरवलं. चाचांनी वाकून फणीपाशी कापडाची कड बघितली, बोटाने चाचपली, आणखी एक दात फिरवायला लावला. मग मान हलवली. माग सुरू झाला.

मी फेरीची वही घेऊन तिथेच थांबले. वीतभर कापड पुढे आल्यावर वाकून बघितलं. पट्टी होती, अगदी बारीक, धुतल्यावर जाईल अशी. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी वहीत मागाचा नंबर लिहिला, त्याचं नाव विचारून लिहिलं, पुढे लिहिलं, ‘रविवारच्या बंदनंतरची पहिली पट्टी, बारीक, विणकराचा दोष नाही,’ आणि खाली सही केली.